आजारी की आळशी

कात्रीताईला जिन्यात बसायची सवय लागली ती गेल्या वर्षभरात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर ती हातातली पिशवी टेकवायची आणि दुसऱ्या मजल्यावर स्वतःला. कोणी येताना दिसलं की चपलेचा पट्टा नीट करतेय असं दाखवायची. खालच्या शेजारणीने तो पट्टा इतक्यांदा नीट होताना पाहिला की शेवटी तिने सल्ला दिला, "अहो, आता नवीनच घ्या की चप्पल!" कात्रीताई नुसती हसली. उठून उभं राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

कात्रीताई हे नाव तिला पार्लरमधल्या गिऱ्हाइकांनी दिलेलं. बावीस वर्षं ती बायकांचे केस कापत होती, त्यातली चौदा एकाच पार्लरमध्ये, खिडकीजवळच्या एकाच खुर्चीमागे. खुर्चीत बसतं गिऱ्हाईक, पण 'माझी खुर्ची' म्हणते ती मागे उभी राहणारी. तिचा हात हलका होता आणि जीभ सरळ. "रागावू नका, पण एवढे आखूड केस तुम्हाला शोभणार नाहीत," असं ती तोंडावर सांगायची आणि बाई रागावायची नाही. घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही अशा बायका तिच्या खुर्चीत तासभर बोलून जायच्या. ही फक्त "हं" म्हणायची. त्या "हं"साठीच निम्मी गिऱ्हाइकं येतात, असं पार्लरची मालकीण, म्हणजे सगळ्यांची मॅडम, कौतुकाने सांगायची.

थायरॉइड तिला नऊ वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा तिने फार मनावर घेतलं नाही. तिच्या खुर्चीत बसणाऱ्या दहा बायकांतल्या दोघी-तिघींना तो होताच. घरोघरी मातीच्या चुली. सकाळी उपाशीपोटी एक पांढरी गोळी घ्यायची, मग अर्धा तास चहाच्या भांड्याकडे नुसतं बघत बसायचं, आणि वर्षातून एकदा रक्त द्यायचं. आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग तिचे केस गळायला लागले. दुसऱ्या बाईचे गळले तर ती तक्रार असते. केस कापणारीचे गळले तर ती नामुष्की असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मॅडमने तिला एकदा बाजूला घेऊन टाळूकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, आपलं डोकं बघून तर गिऱ्हाईक आत येतं." आणि काउंटरवर विकायला ठेवलेली केसांच्या गोळ्यांची डबी निम्म्या किमतीत तिच्या हातात ठेवली. डबीवर लिहिलं होतं रोज एक. कात्रीताई दोन घ्यायला लागली. औषध थोडंच होतं ते? व्हिटॅमिन! शिवाय तिने टाळूवर एक छोटा केसांचा तुकडा पिनांनी असा बसवला की गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, एवढे दाट केस कसे हो राखलेत तुम्ही?" ती डबीकडे बोट दाखवायची. डब्याही खपायच्या.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षीच्या तपासणीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी जास्त होतेय तुम्हाला. असंच राहिलं तर हृदयावर ताण येईल. निम्मी करू या." मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, धडधड होते का, घाम येतो का, केस गळतात का. पहिल्या दोन्हींना ती नाही म्हणाली, ते खरंच होतं. तिसऱ्या प्रश्नाला तिचा बावीस वर्षांचा धंदा मध्ये आला. "माझे? छे!" ती म्हणाली आणि टाळूवरच्या पिना चाचपून बघितल्या. आणखी कुठल्या गोळ्या? नाही. आता केसच गळत नाहीत म्हटल्यावर केसांच्या गोळ्या कुठून येणार? एक खोटं सांभाळायला दुसरं आपोआप उभं राहतं, त्याला वेगळी मेहनत लागत नाही.

गोळी निम्मी झाली आणि जिन्यातलं बसणं सुरू झालं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं तर रिपोर्टचं म्हणणं तेच, अजूनही जास्त. गोळी आणखी निम्मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थायरॉइड कमी असल्याचं यात काहीच दिसत नाही. थकवा वयाचा असेल, पाळीचंही मागेपुढे होतंय तुमचं. थोडं चालत जा, मन रमवा." त्यांचं काय चुकलं? त्यांच्यासमोर होता तो कागद तेच सांगत होता.

वाईट याचं वाटतं की कात्रीताईने हे सगळं खरं मानलं. शरीर चांगलं आहे आणि तरी उठवत नाही, म्हणजे खोट आपल्यातच आहे, असा तिने सरळ हिशेब मांडला. सकाळी अर्धा तास लवकर उठून ती चालायला गेली आणि बाकावर झोपली. अंग जड, आवाज जाड, उन्हातही पाय गार. स्वतःला ती मनातल्या मनात असं काही बोलायची, की तेच दुसऱ्या कुणी बोललं असतं तर तिने त्याच्याशी उभा दावा मांडला असता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला. दिवसभर लोकांच्या लिफ्ट वरखाली करायच्या आणि संध्याकाळी स्वतः तीन मजले चढायचे, असा त्याचा संसार. माणूस मायाळू, पण कागदावर विश्वास ठेवणारा. "रिपोर्ट चांगला आहे ना? मग झालं तर," असं तो म्हणायचा. एकदा ती स्वयंपाकघरात असताना तो फोनवर त्याच्या भावाला सांगत होता, "काही नाही रे, जरा आळशी झालीये आजकाल." हसतच म्हणाला. तिने नळ मोठा सोडला आणि एकच भांडं कितीतरी वेळ घासत राहिली. तिला राग आला नाही, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

मग एके दिवशी पार्लरमध्ये तिने एका जुन्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावला, भिंतीला टेकून उभी राहिली आणि उभ्या उभ्या झोपली. जाग आली तेव्हा रंगाला वीस मिनिटं जास्त झाली होती. तपकिरी मागितलेले केस काळे कुळकुळीत. गिऱ्हाईक रडलं, कात्रीताई रडली, मॅडमने सगळं निस्तरलं. संध्याकाळी तिला समोर बसवून मॅडम म्हणाली, "हे बघ, तू माझं जुनं माणूस. महिनाअखेरपर्यंत थांबते. तब्येत असेल तर इलाज कर, आळस असेल तर झटक. नाहीतर खुर्ची दुसरीला द्यावी लागेल, तू मागे डोकी धुवायला ये. मला पण पोट आहे."

तब्येत असेल तर आणि आळस असेल तर. घरी जाताना कात्रीताईच्या डोक्यात हेच घोळत राहिलं. खुर्ची जाईल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की आपण खरंच तशा असलो तर? आजाराला औषध असतं. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस आळशी निघाला तर त्याने कुठल्या दुकानात जायचं?

पुन्हा तपासणी करायची तिने ठरवलं. तिची मोठी बहीण, म्हणजे ताई, असल्या बाबतीत तयारीची. ताईने एका चकचकीत लॅबचा रंगीत कागद आणून दिला. 'संपूर्ण स्त्री-आरोग्य', चौऱ्याऐंशी तपासण्या, थायरॉइड, सगळी हार्मोन्स, सगळी व्हिटॅमिन्स, सवलत फक्त या महिन्यात, शिवाय एक पिशवी फुकट. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे," ताई म्हणाली. "त्या चौऱ्याऐंशीत कुठेतरी सापडेलच की." किंमत बघून कात्रीताईचे डोळे पांढरे झाले. मऊ तळव्याच्या बुटांसाठी तिने थोडे पैसे बाजूला टाकले होते. ते सगळे घातले तरी पुरत नव्हते.

म्हणून तिने तो रंगीत कागद घेतला आणि भाजी बाजारामागच्या गल्लीतल्या छोट्या लॅबमध्ये गेली, यातलं काही स्वस्तात होतं का विचारायला. तिथे रक्त घेणारे एक काका होते. मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांच्या शिरा शोधून निवृत्त झालेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"छान छापलाय," ते म्हणाले. "तुम्हाला विचारायचंय काय?"

"म्हणजे?"

"तपासणी म्हणजे रक्ताला विचारलेला प्रश्न. चौऱ्याऐंशी प्रश्न एकदम विचारले की चार उत्तरं उगाच वाकडी येतात. मग त्यांच्यामागे आणखी धावायचं. तुमचा प्रश्न कुठला?"

कात्रीताई सकाळपासून उपाशी होती, दोन गल्ल्या चालून दमली होती, आणि समोरचा माणूस अनोळखी होता. म्हणूनच बहुतेक तिच्या तोंडून खरं निघालं. "मी आजारी आहे की आळशी, एवढंच बघायचंय मला."

काका हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"थायरॉइडची गोळी चालू आहे? किती वर्षं? बरं. पाळी कशी?"

"कधी येते, कधी नाही. आली की आठ-आठ दिवस जात नाही."

"मग ही हार्मोनची रांग कशाला? तुमच्या वयात हे आकडे आज वर, उद्या खाली. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. काय बदलतंय ते तुमची पाळीच सांगतेय, तेही फुकटात. डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिली तर करा." पेन सरसर खाली उतरत गेलं. "हे नको. हेही नको. हे कशासाठी छापलंय देव जाणे. रक्तातल्या लोहाचा साठा मात्र बघू, पाळी इतकी जाते म्हणताय तर. आणि थायरॉइडचे दोन, टीएसएच आणि फ्री टी-फोर. संपलं. मी डॉक्टर नाही हं, रिपोर्ट त्यांनाच दाखवायचा."

तीन तपासण्या उरल्या. त्या चकचकीत कागदावरच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यातही बसल्या. बुटांचे पैसे वाचले या आनंदात तिने बाही वर सरकवली. काकांनी दंडाला रबरी पट्टी बांधली, शीर टिचकी मारून जागी केली आणि सवयीने विचारलं, "आज सकाळची थायरॉइडची गोळी घेतली नाहीत ना? आणि दुसरं काही चालू?"

"नाही. म्हणजे केसांच्या आहेत. पण ते व्हिटॅमिन आहे नुसतं."

आपण काय बोलून गेलो हे तिला बोलल्यावर कळलं. डॉक्टरबाईंपासून वर्षभर लपवलेलं इथे असंच सांडलं.

काकांनी हातातली सुई खाली ठेवली. "डबी आहे जवळ?" तिने पर्समधून काढून दिली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून बारीक अक्षरं वाचली, रोज किती घेता विचारलं आणि मग दंडावरची पट्टी सोडली.

"आज मी रक्त घेणार नाही."

"काका, अहो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय मी. पोटात चहासुद्धा नाही!"

"मग चहा घ्या आता." ते शांतपणे म्हणाले. "यात बायोटिन आहे, केसांचं व्हिटॅमिन, आणि ते भरपूर आहे. काही मशीन अशी असतात, आमचंही त्यातलंच, की बायोटिन त्यांना फसवतं. रक्तात थायरॉइड कमी असला तरी मशीन सांगतं की उतू चाललाय. मागचे रिपोर्ट या गोळ्या चालू असतानाचेच का?"

तिने बोटांवर महिने मोजले. दोन्ही.

"म्हणजे ते खोटे होते?"

"ते मी कसं सांगू? मी तरी त्यांच्यावर विसंबलो नसतो. आठ दिवस या गोळ्या बंद ठेवा आणि मग या. डॉक्टरांना आजच फोन करून सांगा."

आठ दिवस. महिना संपायला पाच उरले होते. कात्रीताई बाहेर आली तेव्हा तिला आशा वाटत होती आणि त्या काकांचा संतापही येत होता. मोठ्या रस्त्यावर ती चकचकीत लॅब होती. तिथे कुणी असलं काही विचारलं नसतं, संध्याकाळी कागद हातात आला असता, मॅडमपुढे टाकायला काहीतरी झालं असतं. ती तिथपर्यंत गेलीही. दाराला अकरा पायऱ्या होत्या. तिने खालून त्यांच्याकडे बघितलं, आणि पाय म्हणाले, नको. कुणी विचारलं तर सांगता येईल की तिने सारासार विचार केला, पण खरं असं की तो निर्णय पायांनीच घेतला.

डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या बाहेरगावी. रिपोर्ट घेऊनच या, असा निरोप मिळाला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅडमने विचारलं, "काय झालं मग?"

"आणखी तीन दिवस द्या. मागचे दोन्ही रिपोर्ट चुकीचे असतील, असं लॅबवाले काका म्हणाले. त्या आपल्या केसांच्या गोळ्यांमुळे—"

"हळू बोल," मॅडम काउंटरकडे बघत म्हणाली. "गिऱ्हाईक बसलंय."

तिथे एक बाई डबी हातात घेऊन उलटसुलट करून बघत होती. मॅडम ती डबी खपवायला तिच्याकडे गेलीच नाही, हे मॅडमच्या बाजूने सांगायला हवं. पण शब्दाला ती पक्की होती, आणि बोलावलेली नवी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चांगली होती, हातही बरा होता. कात्रीताईने स्वतः तिला खिडकीजवळचे खण रिकामे करून दिले आणि आपल्या कात्र्या कापडात गुंडाळून मागे नेल्या. डोकी धुताना कात्रीचं काय काम? पण सोडवेनात.

आठव्या दिवशी काकांनी रक्त घेतलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, "बाई, उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टरांचं. टाळू नका."

डॉक्टरबाई परत आल्या होत्या. रिपोर्ट हातात घेण्याआधी कात्रीताईने त्यांना सगळं सांगितलं, केस, पिना, डबी, रोजच्या दोन गोळ्या. मान खाली घालून, शाळेतल्या मुलीने सांगावं तसं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, मग कागद उघडला.

"हा टीएसएच," त्या म्हणाल्या, "थायरॉइड कमी पडला की वाढतो. चार-साडेचारपर्यंत चालतो. तुमचा त्रेचाळीस आहे. लोहही तळाला गेलंय. या दिवसांत तुम्ही कामाला जात होतात?"

"हो."

"किती तास?"

"आठ-नऊ. पार्लर आहे, उभ्यानेच असतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "उभ्या कशा राहत होतात तुम्ही?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही नाही. तिला रडूच फुटलं. एरवी माणसं आजार निघाला म्हणून रडतात. ही सुटल्यासारखी रडत होती. डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगायला हवं होतं. आणि तुम्ही एवढं थकल्याचं सांगत होतात तेव्हा मीही कागद बाजूला ठेवून तुमच्याकडे बघायला हवं होतं." गोळी वाढवून दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि त्या दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत हे दोनदा बजावलं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि तीही फक्त टीएसएचची. लगेच बरं वाटणार नाही, धीर धरा.

पार्लरमध्ये जाऊन तिने मॅडमला आकडा सांगितला. मॅडमला खरंच वाईट वाटलं, तिने तिचा हातही धरला. खुर्चीचं विचारल्यावर मात्र म्हणाली, "आधी बरी हो, मग बघू." 'बघू' म्हणजे काय हे चौदा वर्षांत कात्रीताईला पुरतं ठाऊक झालं होतं. तिने वाद घातला नाही. त्या दिवसाची रजा मागितली आणि ती मिळाली.

दुपारी ती पलंगावर आडवी झाली. गेले कित्येक महिने सुट्टीच्या दिवशी ती दुपारची अशी पडायची ती एक कान दाराकडे ठेवून. कुलपात किल्ली फिरली की ताडकन उठायची आणि हाताला येईल त्या कपड्याची घडी घालायला लागायची. धुतलेले कपडे संपले तेव्हा तिने घडी घातलेले उलगडून पुन्हा घातले होते.

साडेपाचला किल्ली फिरली. तिचे हात सवयीने चादरीकडे गेले आणि तिने ते परत घेतले. नवरा आत आला, टेबलावरचा कागद त्याने उभ्यानेच वाचला.

"त्रेचाळीस म्हणजे काय?"

तिने पडल्या पडल्याच सांगितलं. चार म्हणजे काय, त्रेचाळीस म्हणजे काय, डॉक्टरबाईंनी काय विचारलं ते. तो पलंगाच्या कडेला, तिच्या पायांशी येऊन बसला. कामाचे बूटही काढले नव्हते. तिचे पाय गार लागले म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी धरले.

"मी दादाला सांगितलं होतं," तो म्हणाला, "की तू आळशी झालीयेस म्हणून."

"मला माहितीये."

"माझा विश्वास बसला होता गं."

"माझाही," कात्रीताई म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवून झोपली.